गोणींच्या कोटातली वाट

मौजे तांडा, पुसेगावनजीक,
तालुका हिंगोली, जिल्हा परभणी
१४ जून १९४१

मी, रतनसिंग वल्द धर्मसिंग, वय वर्षे सहासष्ट, जात बंजारा, धंदा शेती, वरील तांड्याचा नाईक, हिंगोली छावणीच्या शाळेत इयत्ता चौथी उत्तीर्ण, ईश्वरास स्मरून लिहितो ते येणेप्रमाणे.

चि. कमरजहाँ हिस अनेक आशीर्वाद.

तू हैदराबादेस सुखरूप पोहोचलीस व मास्तरणीच्या अभ्यासास लागलीस, हे तुझ्या कार्डावरून समजले. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी हिंगोली स्टेशनावरील टिनाच्या शेडखाली काही वेळ थांबलो. बैलांना विसावा देणे आवश्यक होते. आमचा गाडीवान पेमा म्हणाला, "नाईकबा, बैलं तर कवाची रवंथ करून राहिली." त्यास मी गप्प बसविले.

त्या शेडीवर एक पाटी आहे. खाली उर्दूत मुसाफिरखाना असे आहे, वर इंग्रजी शब्द आहे. स्टेशनातील बाबूने तो 'शेल्टर' असा वाचून दाखविला. अर्थ विचारता त्याने टिनाकडे बोट केले. हा अर्थ मला अपुरा वाटतो. तुमच्या शाळेत मोठा शब्दकोश असेल. त्या शब्दाचा अर्थ व कुळ शोधून कळवावे.

तुझी आई अमिनाबी मजेत आहे. तुझे मरहूम वडील जलालुद्दीन यांची रुई पिंजण्याची धनुकली तिने उतरवून पुसली आणि पुन्हा खुंटीस लावली. ती स्टेशनावर का आली नाही, हे तू तिला विचारू नये.

तुला परत येण्याची घाई नसावी. शिक्षण पूर्ण करावे.

समक्ष: अमिनाबी. पारुबाई, माझी पत्नी.

*

हैदराबाद
२ जुलै १९४१

मुहतरम रतनचाचांना कमरचा सलाम.

चाचा, हे पत्र आहे की कचेरीतली जबानी? वसतिगृहात मी ते वाचून दाखवलं, तर एक मुलगी हळूच म्हणाली, "तुझ्या चाचांवर खटला चालू आहे का गं?" मी म्हटलं, होय, आणि सगळे साक्षीदार त्यांच्याच घरचे आहेत.

तुमचा शब्द मी शोधला. आमच्या बाई इंग्रजीच्या, त्यांनी दोन कोश काढून दिले. शेल्टर म्हणजे ऊन, पाऊस किंवा शत्रू यांच्यापासून आडोसा. आश्रय, अभय हाही अर्थ. तोच शब्द क्रियापद म्हणूनही चालतो: आश्रय देतो त्यालाही तोच आणि घेतो त्यालाही तोच.

शब्द आला कुठून, याची विद्वानांना खात्री नाही. एक तर्क मला फार आवडला. जुन्या इंग्रजीत ढालीला एक शब्द होता आणि सैनिकांच्या तुकडीला एक. ढालीला ढाल भिडवून उभ्या राहिलेल्या माणसांना त्या दोन्हींचा जोडशब्द लावत. तोच झिजत झिजत शेल्टर झाला असावा. तसं असेल तर चाचा, छप्पर मागाहून आलं. आधी माणसं होती.

अम्मी स्टेशनावर का आली नाही, ते मला माहीत आहे. मी गाडी सुटेपर्यंत मागे का पाहिलं नाही, तेही तिला माहीत असेल.

तुमची कमर

*

तांडा
२० जुलै १९४१

मी, रतनसिंग वल्द धर्मसिंग, वय व हुद्दा पूर्वीप्रमाणे, लिहितो की:

चि. कमरजहाँ हिस आशीर्वाद.

माझ्या लेखनपद्धतीस हसणाऱ्या मुलींस सांगावे की, ज्या लिहिण्यास कोणी साक्षीदार नाही ते वाऱ्यावरचे बोलणे होय.

तू कळविलेले कुळ वाचून मला विलक्षण संतोष झाला. तो शब्द इंग्रजांचा असेल. वस्तू आमची आहे.

रेल्वे आली नव्हती तेव्हा आमचा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य वाहून नेई. मी अगदी लहान असताना शेवटच्या खेपांबरोबर चाललो आहे. बैलाच्या पाठीखालच्या गाद्या तुझे आजोबा पिंजून भरीत, पुढे तुझे वडील भरू लागले. आपल्या दोन घरांचा संबंध तेथून आहे. मुक्कामास सर्व गोणी उतरवून, गोणीला गोण भिडवून, गोल कोट रचीत. आत बैल, लेकरे व चुली. कोटास एक वाट ठेवीत. ज्याचा बैल लंगडला, जो मागे राहिला, तो येईपर्यंत ती वाट बंद होत नसे, आणि तोवर तीत तांड्याचा नाईक स्वतः उभा राही. मागाहून आलेला मनुष्य आपली गोण आपल्या हाताने तेथे ठेवी आणि वाट बुजवी. त्याच्याऐवजी दुसऱ्याने बुजविणे म्हणजे तो मेला असे म्हणण्यासारखे.

माझ्या आजोबांनी एकदा एका माणसासाठी रानात वाघ दिसला तरी सारी रात्र वाट उघडी ठेविली होती. तो मनुष्य सकाळी आला. उशीर का झाला, तर वाटेत पाव्हण्यांकडे जेवावयास थांबला होता. आजोबांनी त्यास जेवू घातले नाही.

त्या गोणी अद्याप आमच्या माळ्यावर आहेत. पारुबाई दर दिवाळीस म्हणते, "उंदराला घरं करून ठिवलीत, फेका की." मी फेकीत नाही.

सबब, स्टेशनावरील शेडीस तो शब्द लावणे मला मान्य नाही. तेथे मी एकटाच उभा होतो.

समक्ष: अमिनाबी. पारुबाई, जी गोणींविषयी असहमत आहे.

*

हैदराबाद
९ एप्रिल १९४२

चाचा, सलाम.

लढाईमुळे तुमच्या शब्दाला आता नवा अर्थ आलाय. विमानं बॉम्ब टाकतील म्हणून शाळेच्या आवारात लांब खंदक खोदलेत आणि त्यांनाच शेल्टर म्हणतात. भोंगा वाजला की आम्ही मुलींना आत बसवतो. काल एक बेडूक आधीच बसला होता. बॉम्बपेक्षा त्यालाच मुली जास्त भ्यायल्या.

दुसरं असं की माझ्यासाठी एक स्थळ आलंय. हैदर नाव. वसमतकडच्या हट्ट्याचा आहे, म्हणजे मराठी वाचतो, बोलतो. सिकंदराबादेत रेल्वेच्या कचेरीत कारकून. अब्बा नाहीत, म्हणून अम्मी म्हणते की तुमच्याशिवाय होकार द्यायचा नाही. तुम्ही काय म्हणता?

कमर

*

तांडा
२ मे १९४२

मी, रतनसिंग, वय सदुसष्ट, लिहितो की:

जमिनीत खणलेल्या खड्ड्यास आमच्याकडे पेव म्हणतात व त्यात ज्वारी ठेवितात. मुलींना त्यात बसविणारांनी शब्दकोश पुन्हा पाहावा.

मुलाविषयी. मी स्वतः हट्ट्यास जाऊन चौकशी केली. घराणे साधे व नीट आहे. मुलगा रजेवर आला होता. मी त्यास विचारले की, तांडा मुक्कामास पोहोचला व एक मनुष्य मागे राहिला, तर तू काय करशील? तो म्हणाला, "मीच नेहमी मागे राहतो, काका. लोक थांबतात की नाही, तेवढं बघत असतो." उत्तर पसंत पडले. होकार आहे.

लग्नानंतर काही दिवस येथे राहावे, अशी तुझ्या आईची इच्छा. माझा आग्रह नाही.

समक्ष: अमिनाबी, जी रडत होती, म्हणून अंगठा नीट उमटला नाही. पारुबाई.

*

तांडा
१८ जुलै १९४८

मी, रतनसिंग, वय त्र्याहत्तर, लिहितो की:

चि. कमरजहाँ हिस आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे.

लग्नानंतर तू दोन दिवस राहिलीस, त्यास आता पाच वर्षे झाली. दर वर्षी येते म्हणून लिहितेस व शाळेची कामे निघतात. कर्तव्य मोठे आहे. तुझ्या आईस हैदराबादेस नेण्याची तुमची इच्छा तिने याही वेळी मोडली.

या उन्हाळ्यात तिने पुसेगावच्या घरी रुईचा सारा साठा मागल्या खोलीत पसरून ठेविला होता. तिला तो एवढा का लागला, ते टपालात लिहिता येत नाही. भेटीत सांगेन. आणखीही पुष्कळ सांगावयाचे साचले आहे.

पत्रे उशिरा पोहोचतात असे ऐकतो. तरी लिहीत जावे.

समक्ष: अमिनाबी. पारुबाई.

*

हैदराबाद
६ ऑक्टोबर १९४८

चाचा, सलाम.

ही माझी चौथी चिठ्ठी. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. फौज आली, राज्य बदललं, इथे आता शांत आहे. पण मराठवाड्यातून येणारी माणसं जे सांगतात ते ऐकवत नाही. एकानं पुसेगावचं नाव घेतलं. पुढे तो बोलेचना. मी त्याच्या दंडाला धरून हलवलं.

अम्मी कुठे आहे? एवढंच लिहा. एका ओळीत लिहा, साक्षीदार नकोत.

माझंही सांगते. हैदरचे दोन्ही भाऊ आणि आई ऑगस्टमध्येच कराचीला गेले. सासूबाई तिकडे आजारी पडल्या, म्हणून मागोमाग हैदर गेले. आता त्यांचं पत्र आलंय की परतणं अवघड दिसतं, तूच ये. मोठ्या जाऊबाई नोव्हेंबरअखेर मुंबईहून जहाजानं निघणार आहेत, त्यांच्यासोबत माझी सोय होते. अम्मी असेल तर तिला घेऊन मला निघायचंय. तुम्ही तिला समजवा. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते.

चाचा, ती आहे ना?

कमर

*

तांडा
२१ ऑक्टोबर १९४८

मी, रतनसिंग वल्द धर्मसिंग, वय त्र्याहत्तर, तांड्याचा नाईक, ईश्वरास स्मरून लिहितो की:

तुझी आई जिवंत आहे. माझ्या घरी आहे. आत्ता ती पारुबाईशी मीठ जास्त पडल्यावरून भांडत आहे.

तुझ्या तिन्ही चिठ्ठ्या परवाच या चौथीसोबत आल्या. आता जे घडले ते क्रमाने लिहितो. माझे बोलणे शुद्ध करून लिहीन; इतरांचे जसे होते तसे.

उन्हाळ्यात रझाकार पुसेगावास आले. पुष्कळ हिंदू बायकालेकरे तांड्यावर पोहोचली. उकंडराव नावाचा शेतकरी तुमच्या शेजारी राहतो. तो रानात पळाला व त्याची पत्नी द्वारकाबाई दिवस भरत आलेले असल्यामुळे मागे राहिली. तुझ्या आईने तिला मागल्या खोलीत रुईच्या ढिगाखाली दडविले व स्वतः दारात उभी राहिली. "हितं कोन्नी न्हाई, कापूस हाय. पायजे तर पिंजून देते," असे त्यांना म्हणाली. ते गेले.

पितृपक्षात उलटे झाले. फौज पुढे गेली आणि मागून सूड घेणारे जमाव फिरू लागले. मी गाडी पाठवून तुझ्या आईस व मोहियोद्दीन आतार यांच्या कुटुंबास तांड्यावर आणविले. मग माळ्यावरील गोणी काढविल्या. काही खरोखर उंदरांनी खाल्ल्या होत्या. पारुबाईने ते मला चारचौघांत दाखविले. घरोघरची पोती त्यांत मिळविली. ज्वारी, सरकी, भुसा, जे होते ते भरले आणि तांड्याच्या मधोमध, गोणीला गोण भिडवून, कोट रचिला. या तांड्यात तो माझ्या लहानपणानंतर प्रथमच रचिला गेला. बायकालेकरे आत बसविली. बाहेर तरुण मंडळी काठ्या घेऊन खांद्याला खांदा लावून राहिली. वाट एक ठेविली. तीत मी उभा राहिलो.

दुपार कलल्यावर जमाव आला. बहुतेक माणसे अनोळखी. वाट दाखविण्यास पुढे उकंडराव, हातात कुऱ्हाड.

"नाईकबा, बाजूला व्हा. तुमच्याशी आमचं काही न्हाई."

मी म्हणालो, "माझे तुमच्याशी आहे. तांड्यात शिरताना जोडे काढतात. प्रथम जोडे काढा, मग बोलू."

तो घुटमळला. मागचा एक म्हणाला, "म्हाताऱ्यानं एवढा कोट घातला अन् वाट उघडी ठिवली. चळला काय?"

"एक मुलगी यावयाची आहे," मी म्हणालो. "ती आल्याशिवाय वाट बंद होत नाही."

"कोनची मुलगी?"

"जलालुद्दीनची."

"हैदराबादची? ती काय येती आता!"

हे वाक्य मला काठीपेक्षा जास्त लागले. तेव्हा पारुबाई गोणींवर चढली. तिचे वय तुला ठाऊक आहे.

"ए उकंड्या! काहून आला रं? द्वारकीच्या केसातला कापूस निघाला का समदा? न्हाई, दहा येळा न्हायली तरी निघंना म्हनून इचारते!"

पेमाला हसू आले. मग जमावातल्याही कोणाला आले. ते कशास हसले, त्यांचे त्यांनाच कळले नसावे.

"सांग की तुझ्या सोबत्याइला," ती ओरडली, "बायकू कोनाच्या रुईखाली दडली व्हती अन् दारात कोन उभी व्हती. का मी सांगू?"

उकंडराव खाली पाहू लागला. इतक्यात आतून तुझ्या आईचा आवाज आला. घाबरलेला नव्हता; दुकानातला होता.

"उकंडराव, द्वारकाचं लेकरू कसं हाय? त्याची दुलई कवाची भरून ठिवली. आता आलाच हाय तर घेऊन जा."

तिने दुलई माझ्या हाती दिली. मी ती त्याच्यापुढे धरली. दुलई मोठी होती, पिवळ्या काठाची, दोन्ही हातांनी घ्यावी लागणारी. त्याने कुऱ्हाड खाली ठेविली व दुलई घेतली.

"चला," तो मागे वळून म्हणाला. "हितं काही न्हाई."

मागच्यांनी कुरकुर केली. पण वाट दाखविणारा तोच होता, आणि तो निघाला होता. कुऱ्हाड येथेच राहिली. अद्याप नेण्यास आला नाही.

पुसेगावातील तुमचे घर मात्र जळाले. धनुकली तुझ्या आईने निघताना सोबत घेतली होती, म्हणून ती आहे.

आता तुझ्या प्रश्नाविषयी. मी तुझ्या आईस दोन दिवस समजाविले. मुलीने पतीकडे जाणे योग्य, आईने मुलीसोबत जाणे योग्य, असे सर्व बोललो. माझ्या मनात तसे नव्हते, तरी बोललो. ती म्हणाली, "व्हय, बराबर हाय तुमचं." आणि मग म्हणाली, "पन मी गेले अन् ती हितं आली, तर हाक कोनाला मारल?"

धोका टळला आहे. गोणी माळ्यावर चढवावयास हव्यात. ज्वारीस कीड लागेल. परंतु वाट तुझ्या हाताने बंद झाल्याशिवाय कोट मोडता येत नाही. रोज संध्याकाळी मी तेथे उभा राहतो. तुझी आई चहा आणून देते आणि रस्त्याकडे बघते.

आजवर मी कोणत्याही पत्रात तुला ये असे लिहिले नाही. शिकणाऱ्या मुलीस, नोकरीच्या मुलीस, सासरच्या मुलीस मागून हाक मारू नये असे माझे मत होते. त्या दिवशी स्टेशनावर बैलांना विसावा नको होता.

जावयाचे असेल तर जा. पण आधी ये.

समक्ष: अमिनाबी. पारुबाई. मोहियोद्दीन आतार.

*

हैदराबाद
१७ नोव्हेंबर १९४८

चाचा, सलाम.

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्या फाटल्या.

पण मी येऊ शकत नाही. जाऊबाईंनी तिकिटं काढली आहेत. भाऊ असले तरी हैदर तिकडे एकटे पडलेत. सासूबाई गेल्या, असं कालच कळलं. मी तांड्यावर आले तर पुन्हा निघवणार नाही, हे मला माहीत आहे, म्हणूनच येत नाही. आमची गाडी पूर्णा स्टेशनावरून जाईल. तिथून हिंगोलीची गाडी सुटते. मी त्या बाजूची खिडकी लावून घेणार आहे.

चाचा, ती वाट तुम्ही बंद करा. तुमच्यात ते अशुभ असेल, तरी करा. थंडीचे दिवस, तुमचं वय, आणि तुम्ही तिथे रोज उभे. मला ते डोळ्यांपुढून जात नाही. पोरींना शेल्टर शब्द शिकवताना काल मी पदराला नाक पुसलं. त्यांना वाटलं सर्दी.

अम्मीला सांगा, मी पोहोचले की लिहीन. अम्मीला दुसरं काहीतरीही सांगा. काय ते मला सुचत नाही.

कमर

*

तांडा
५ डिसेंबर १९४८

मी, रतनसिंग वल्द धर्मसिंग, वय वर्षे त्र्याहत्तर, तांड्याचा नाईक, इयत्ता चौथी उत्तीर्ण, ईश्वरास स्मरून लिहितो की:

जनाब हैदर, मुक्काम कराची, यांस आशीर्वाद.

आपल्या मातोश्रींचे निधन झाल्याचे समजले. फार वाईट वाटले.

आपली पत्नी जहाजावर नाही, हे आपणास भावजयींकडून समजलेच असेल. काळजी नसावी. ती येथे आहे. पूर्णा स्टेशनावर तिने खिडकी लावून घेतली होती. परंतु पलीकडे हिंगोलीची गाडी उभी होती व कोणीतरी 'हिंगोली, हिंगोली' असे ओरडत होते. तिने बिस्तरा उचलला आणि उतरली. भावजय ओरडत राहिल्या. त्यांची तिने आपणामार्फत क्षमा मागितली आहे. हिंगोलीस टिनाच्या शेडखाली ती बसली असता आमच्या पेमास दिसली. तो सरकी विकावयास गेला होता.

त्याची गाडी तांड्यावर आली तेव्हा दिवे लागावयाचे होते. मी कोटाच्या वाटेत उभा होतो. ती उतरून समोर आली. "उशीर झाला," एवढे म्हणालो. ती म्हणाली, "जेवायला थांबले नव्हते, चाचा." ती मला ओलांडून आत गेली. तिने "अम्मी" अशी हाक मारली. ओ आली. पुढचे मी पाहिले नाही. पाठ फिरविली होती.

रीतीप्रमाणे तिने आपली गोण ठेवावयाची होती. गोण नव्हती, म्हणून तिने बिस्तऱ्याची वळकटी वाटेत उभी केली. वाट बुजली. सर्वांनी गूळ खाल्ला. सकाळी कोट मोडून गोणी वर चढवावयाच्या, असे ठरले.

सकाळी मी गेलो तो बिस्तरा काढलेला व वाट पुन्हा उघडी. तीत कमरजहाँ उभी होती.

मी विचारले, "ही कशास मोडलीस?"

ती म्हणाली, "हैदर मागे राहिलेत."

मी म्हणालो, "वाटेत नाईकाने उभे राहावयाचे असते."

ती म्हणाली, "तुमचं वय झालंय, दर पत्रात लिहिता तसं. बसा."

मी बसलो. पारुबाई म्हणाली, "आता ह्या गोनी माझ्या मरनापातूर हितंच." परंतु तिने स्वतःच त्यांवर गवत घातले, दहिवर पडू नये म्हणून.

जनाब, वाटा बंद झाल्या आहेत, परवाने लागतात, हे मी ऐकतो. यावे किंवा न यावे हे आपण ठरवावयाचे आहे, आणि कदाचित आपल्याही हाती ते नसेल. मी आग्रह करीत नाही. असे मी पूर्वीही लिहीत असे. आपल्या पत्नीस विचारावे.

हट्ट्यास मी आपणास एक प्रश्न विचारला होता. लोक थांबतात की नाही ते आपण बघत असता, असे आपण म्हणाला होता. थांबले आहेत. येताना बिस्तरा आणावा.

समक्ष: अमिनाबी, अंगठा या वेळी स्पष्ट. पारुबाई. पेमा. आणि वाटेत उभी असल्यामुळे जिची सही दिवे लागल्यावर घेतली, ती कमरजहाँ.